घोडी विण्याची वेळ कशी ओळखावी?

गाय आज विणार कीं उद्यां, हें तिच्या कासेकडे आणि चालण्याकडे एकदां पाहून सांगणारी एखादी तरी वडीलधारी बाई पूर्वीं प्रत्येक मोठ्या घरांत असे. ही विद्या तिनें कोणत्याहि पुस्तकांत वाचलेली नसे. गोठ्याशीं आलेल्या नित्याच्या संबंधानें ती तिच्या अंगीं मुरलेली असे. परंतु ह्याच बाईस घोडीविषयीं विचारलें असतें, तर ती बहुधा गप्प राहिली असती. घोडें दारांत असलें तरी तें मोतद्दाराच्या स्वाधीन असे, आणि त्याचें बाळंतपण पागेंतल्या पागेंत उरके. घरांतील मंडळींना सकाळीं एवढेंच कळे कीं, घोडीला शिंगरूं झालें.

आतां पागा गेल्या, मोतद्दार गेले, आणि शहरांतून टांगेहि जवळजवळ नाहींसे झाले. मग ही माहिती हवी कोणास, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर खानदेशांत मिळतें.

तापीच्या कांठीं, शहादा तालुक्यांत सारंगखेडा म्हणून एक गांव आहे. तेथें एकमुखी दत्ताचें देवालय असून दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, मोठी यात्रा सुरू होते. ह्या यात्रेंतील घोडेबाजाराची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. राजस्थान, गुजराथ, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या प्रांतांतून व्यापारी आपलीं जनावरें घेऊन येथें उतरतात. कानांचीं टोकें एकमेकांकडे वळलेलीं मारवाडी व काठेवाडी घोडीं, वरातीपुढें नाचण्यास शिकविलेल्या घोड्या, लहान चणीचीं तट्टें, असा सर्व प्रकारचा माल तेथें पाहावयास मिळतो. हा सारा मुलूख १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. परंतु बाजार आणि यात्रा ह्या नव्या सीमारेषेहून कितीतरी जुन्या आहेत.

अशा बाजारांत गाभण घोडीहि विकावयास येते. 'एका मोलांत दोन जनावरें' हा सौदा कोणालाहि मोह पाडील असाच आहे. समजा, ह्याच जिल्ह्यांतील कोरीटसारख्या खेड्यांतील एखाद्या कुटुंबानें अशी घोडी घरीं आणली. विकणारा सांगतो, 'आठवा महिना चालू आहे.' तो खरें सांगत असेल. कदाचित् त्यालाच नक्की माहीत नसेल. कदाचित् घोडी त्यानेंहि दुसऱ्याकडून घेतलेली असेल. यात्रा उठली कीं तो आपल्या प्रांतास निघून जातो, आणि मग घोडी व तिला आणणारें घर, दोघेंच उरतात. विण्याची घटका येते ती बहुधा मध्यरात्रीं, आणि पशुवैद्य असतो तालुक्याच्या गांवीं. म्हणून ही घटका आधीं ओळखतां येणें ह्यावर दोन जिवांचें भवितव्य अवलंबून राहतें.

गाय आणि घोडी ह्यांत भेद काय?

गोठ्याचा अनुभव पाठीशीं असलेल्या माणसाची येथेंच फसगत होते. गाईचें वासरूं पोटांत ज्या वारेच्या आधारें वाढतें, ती वार गर्भाशयाला अनेक सुट्या गांठींनीं जोडलेली असते. कळा सुरू झाल्यावरहि ह्या गांठी बराच वेळ धरून राहतात, आणि वासराला आईच्या रक्तांतून प्राणवायु मिळत राहतो. त्यामुळें गाय अडली तरी उपायाला बहुधा कांहीं अवधि मिळतो. घोडीची वार मात्र गर्भाशयाच्या सबंध आंतील बाजूस पातळ अस्तराप्रमाणें पसरलेली असते. जोराच्या कळा येऊं लागल्या कीं हें अस्तर लवकर सुटूं लागतें, आणि शिंगराचा प्राणवायु तुटत जातो. निसर्गानें म्हणूनच घोडीचें प्रत्यक्ष प्रसवणें अत्यंत जलद केलें आहे. पाणमोट फुटल्यापासून पंधरा ते तीस मिनिटांत शिंगरूं भूमीवर पडलें पाहिजे. गाईच्या हिशेबानें 'अजून थोडी वाट पाहूं' असें म्हणणारा मनुष्य घोडीच्या बाबतींत शिंगरूं गमावून बसतो.

दिवसांचा हिशेब

आपल्याकडे अश्वविद्या प्राचीन आहे. विराटाच्या घरीं अज्ञातवासांत राहतांना नकुलानें ग्रंथिक हें नांव घेऊन घोड्यांची चाकरी पत्करली, ही कथा सर्वांस ठाऊकच आहे. घोड्यांच्या वैद्याला आपण 'सालोत्री' म्हणतों तो शब्दहि शालिहोत्र ह्या ऋषीच्या नांवावरून आलेला आहे. घोडी अकरा महिने गाभण राहते, असें परंपरेनें सांगतात. आणि तें स्थूलमानानें बरोबर आहे. आजच्या शास्त्राप्रमाणें सरासरी ३४० दिवस धरतात. परंतु ३२० पासून ३६५ पर्यंत कोणत्याहि दिवशीं निरोगी शिंगरूं जन्मास येऊं शकतें. ३२० दिवसांच्या आंत झालेलें शिंगरूं अपुऱ्या दिवसांचें समजावें, आणि ३०० च्या आंतलें बहुधा जगत नाहीं. उलट दिवस वर गेले म्हणून घाबरण्याचें कारण नसतें. कांहीं घोड्या दरवर्षीं सावकाशच वितात.

पंचांग पाहणाऱ्या घरांसाठीं ह्याचा एक सोपा हिशेब आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचें; त्यांतून ३४० वजा केले तर उरतात चौदा. म्हणजे ज्या तिथीस घोडीला घोडा दाखविला, ती तिथि पुढील वर्षीं फिरून येण्यापूर्वीं साधारण एक पंधरवडा घोडी विण्याची अपेक्षा करावी. पाडव्याला घोडा दाखविलेली घोडी पुढील होळीच्या सुमारास विईल. मध्यें अधिक मास आला तर महिन्याचें नांव एकानें अलीकडे घ्यावें, म्हणजे होळीच्या ऐवजीं माघी पौर्णिमा धरावी. अशी घोडी मार्गशीर्षांतील यात्रेच्या वेळीं आठ महिन्यांची असते, आणि बाजारांत 'आठवा महिना' हे शब्द वारंवार कां ऐकूं येतात ह्याचाहि उलगडा त्यावरून होतो.

घोडी विकत घेतांना तिथि माहीत नसेल, तर पशुवैद्याकडून तिची तपासणी करून घेणें हाच सरळ मार्ग होय. तोच तिला धनुर्वाताची लस टोंचण्याची योग्य वेळहि सांगेल. ही लस विण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे दिली म्हणजे तिचें संरक्षण चिकावाटे शिंगरालाहि मिळतें.

अंगावरील खुणा

दिवसांचा हिशेब केवळ महिना सांगतो. आठवडा आणि दिवस घोडीचें अंग सांगतें.

पहिली खूण कासेची. विण्यापूर्वीं दोन ते सहा आठवडे कास भरूं लागते. प्रथम ती रात्रीं भरलेली आणि सकाळीं फिरवून आणल्यावर ओसरलेली दिसते. पुढें फिरविल्यानेंहि ती ओसरेनाशी होते. शेवटच्या चारसहा दिवसांत सडहि भरतात, त्यांच्या सुरकुत्या जातात, आणि ते टोंकापर्यंत ताठ होतात. ह्याच सुमारास पोटाखालीं, कासेच्या पुढें, थोडी सूज आलेली पुष्कळदां दिसते. ती बहुधा निरुपद्रवी असते.

दुसरी खूण पुठ्ठ्यांची. सुमारें तीन आठवडे आधींपासून शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंचे स्नायु सैल पडूं लागतात. एरवीं घट्ट लागणारा भाग हाताला मऊ लागतो, आणि तेथें खळगा पडल्यासारखा दिसतो. अंगानें भरलेल्या घोडीच्या बाबतींत हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून रोज खरारा करतांना हात फिरवून पाहाण्याची संवय ठेवावी. शेवटच्या एकदोन दिवसांत सूतिमार्गाचें मुखहि लांबट व शिथिल होतें, आणि दोन्ही बाजूंस फुगलेलें पोट खालीं उतरून बाजूंनीं कांहींसें सपाट दिसूं लागतें.

तिसरी खूण सर्वांत प्रसिद्ध. सडांच्या टोकांशीं मधासारखे पिंवळसर, चिकट थेंब येऊन ते तेथेंच वाळतात, आणि मेणाचे मणी लावल्यासारखे दिसतात. हें 'मेण' धरलें म्हणजे घोडी बहुधा एकदोन दिवसांत, फार तर चार दिवसांत विते. पण येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. कांहीं घोड्यांना हें मेण येतच नाहीं. विशेषतः पहिलटकरीण घोडी कास पुरती न भरतांहि एकाएकीं विते. म्हणून मेण दिसलें तर जागें राहावें, परंतु तें दिसलें नाहीं म्हणून निजावें, असा अर्थ कोणी करूं नये.

चौथी खूण दुधाची. आरंभीं सडांतून येणारा द्रव पातळ व पिंवळट असतो. तो दाट, चिकट आणि पांढरट होऊं लागला म्हणजे वेळ जवळ आली. शेवटच्या दिवसांत त्या द्रवांतील कॅल्शियमचें प्रमाण झपाट्यानें वाढतें. पाण्याचा जडपणा मोजावयाच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यांनीं तें मोजतां येतें. दहा लाख भागांत दोनशेंच्या वर कॅल्शियम आढळलें तर घोडी बहुधा एकदोन दिवसांत विईल असें समजतात. त्याहूनहि उपयुक्त आहे तो ह्या परीक्षेचा उलट निष्कर्ष: प्रमाण कमी असेल तर त्या रात्रीं घोडी विण्याचा संभव फार थोडा, आणि थकलेल्या माणसाला एक रात्र झोंप मिळते.

घोडीचा ताप सकाळसंध्याकाळ मोजल्यास संध्याकाळचा आंकडा एरवीं किंचित् अधिक असतो. विण्याच्या आदल्या दिवशीं हा फरक नाहींसा होतो, किंवा संध्याकाळचा आंकडाच खालीं जातो. ही खूण इतरांच्या जोडीला घ्यावी; एकटीवर विसंबूं नये.

आणखी एक धोक्याची खूण सांगितली पाहिजे. दिवस पुरे होण्यास महिना दीड महिना अवकाश असतांनाच कास भरून दूध गळूं लागलें, तर ती आनंदाची वार्ता नव्हे. पोटांत जुळीं असल्यास, किंवा वारेला रोग झाल्यास असें होतें. घोडीच्या पोटांत जुळीं क्वचितच नीट वाढतात. अशा वेळीं त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें.

रात्रीची घटका

बहुसंख्य घोड्या रात्रीं वितात. घोडी हें मोकळ्या रानांतील, शत्रूपासून पळून जीव वांचविणारें जनावर. दिवसाच्या उजेडांत आणि गलबल्यांत ती सहसा आडवी पडत नाहीं. आणि भोंवतीं गडबड असेल तर विणें कांहीं काळ लांबणीवर टाकण्याची शक्तिहि तिच्या ठायीं आहे. पांचपन्नास माणसांच्या कुटुंबांत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मुलांना कौतुक वाटणारच. परंतु दिवा घेऊन दर घटकेला सगळ्यांनीं डोकावून पाहिलें, तर घोडी पहांटेपर्यंत कळा दाबून उभी राहील. एका रात्रीं एकानेंच, दुरून आणि मंद उजेडांत पाहात बसावें. दुसऱ्या रात्रीं दुसऱ्यानें. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग अशा आळीपाळीच्या जागरणांतच आहे. मोठ्या पैदास-केंद्रांत आतां हें काम कॅमेऱ्यांकडे सोंपविलेलें असतें. घरांत तें माणसांनीं करावें.

जागा प्रशस्त, सुमारें बारा फूट लांब व तितकीच रुंद असावी. कोरडा, स्वच्छ पेंढा जाड अंथरावा. बुरशी आलेला चारा वा पेंढा तेथें येऊं देऊं नये. भिंतीला खिळे किंवा टोकें नसावीं. वेळ जवळ आली कीं शेपटी स्वच्छ फडक्यानें गुंडाळावी, कास आणि मागचा भाग कोमट पाण्यानें धुवावा.

पहिल्या कळांचें स्वरूप पोटशुळासारखें असतें. घोडी अस्वस्थ होते, खातां खातां थांबते, जमीन उकरते, मान वळवून आपल्या कुशीकडे पाहते, शेपटी झाडते, वारंवार थोडी थोडी लीद टाकते, बसते आणि पुन्हां उठते. मानेवर, कुशींवर व बगलेंत घाम फुटतो. ही अवस्था एक ते चार तास टिकते, आणि मध्येंच थांबूनहि जाते. ह्या वेळीं करण्यासारखें कांहीं नाहीं. स्वस्थ राहणें हेंच मोठें काम.

तो अर्धा तास

एकाएकीं पुष्कळसें पाणी बाहेर पडतें. पाणमोट फुटली. ह्या क्षणीं घड्याळ पाहावें आणि वेळ लिहून ठेवावी. पुढील सर्व निर्णय ह्या एका आंकड्यावर अवलंबून आहेत.

घोडी बहुधा आडवी होते. पांचदहा मिनिटांत एक पांढुरकी, चकचकीत, अर्धवट पारदर्शक पिशवी दिसूं लागते. तिच्या आंत एक पुढचा पाय, त्याच्या किंचित् मागें दुसरा, आणि दोन्ही पायांवर टेंकलेलें नाक, असा क्रम असेल तर शिंगरूं सरळ आहे. खुरांचे तळवे खालीं, जमिनीकडे असावेत. एक पाय दुसऱ्याच्या मागें असतो ही निसर्गाची योजना आहे. त्यामुळें खांदे तिरपे होऊन वाट निघते. तेव्हां दोन्ही पाय सारखे करण्याचा उद्योग कोणी करूं नये.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र क्षणाचाहि विलंब न लावतां पशुवैद्यास कळवावें: खुरांचे तळवे आकाशाकडे असणें, एकच पाय दिसणें, नाक दिसून पाय न दिसणें, अथवा जोराच्या कळा चालूं असूनहि दहा मिनिटांत कांहींच पुढें न सरकणें. पशुवैद्य येईपर्यंत घोडीला उठवून हळूहळू चालवावें, म्हणजे कळांचा जोर कमी होतो आणि थोडा वेळ हातीं लागतो. पशुवैद्याचा दूरध्वनि-क्रमांक आधींच भिंतीवर खडूनें लिहून ठेवलेला असला, तर त्या गडबडींत शोधाशोध होत नाहीं.

एक प्रसंग असा आहे कीं, त्यांत वैद्याची वाट पाहाण्याइतकाहि वेळ नसतो. पांढुरक्या पिशवीऐवजीं गर्द तांबडी, मखमलीसारखी पिशवी बाहेर येऊं लागली, तर वार आधींच सुटली असून शिंगराचा प्राणवायु बंद होत आहे असें समजावें. ती पिशवी तत्काळ बोटांनीं किंवा, शिंगरास न लागेल अशा बेतानें, बोथट टोंकाच्या कात्रीनें फाडावी, आणि शिंगरूं बाहेर घेण्यास मदत करावी. कळ येईल तेव्हांच, घोडीच्या मागच्या पायांच्या दिशेनें खालीं ओढावें. कळ थांबली कीं आपणहि थांबावें. येथें वांचलेलें एक मिनिट म्हणजे वांचलेला जीव होय.

सर्व कांहीं ठीक असेल तर मात्र हात मागें घ्यावा. नाकावर पडदा राहिला असेल तेवढा दूर करावा. नाळ घाईनें कापूं नये. घोडी किंवा शिंगरूं उठतांना ती ठरलेल्या जागीं आपोआप तुटते. तुटलेल्या टोंकाला पशुवैद्यानें दिलेलें जंतुनाशक औषध लावावें.

वार आणि चीक

ह्यापुढचा नियम लक्षांत ठेवावयास सोपा आहे: एका तासांत शिंगरूं उभें राहावें, दोन तासांत तें पिऊं लागावें, आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. तीन तास उलटूनहि वार पडली नाहीं तर तें संकट समजावें. गाईची वार काहीं वेळ राहिली तरी लोक फारशी चिंता करीत नाहींत; घोडीला मात्र त्यानें भयंकर ज्वर येतो, आणि खुरांचा दाह होऊन ती जन्माची लंगडी होते. लोंबणारी वार ओढून काढण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. पडलेली वार फेंकून न देतां पसरून पाहावी. तिचा आकार विजारीसारखा, दोन पायांचा असतो. दोन्ही टोकें शाबूत आहेत ना, हें पाहावें, व ती पशुवैद्याला दाखवावी.

आणि शेवटची गोष्ट चिकाची. मनुष्याच्या मुलाला रोगाशीं झगडण्याची कांहीं शक्ति आईच्या पोटांतच मिळते. शिंगराला तशी मिळत नाहीं. घोडीच्या वारेंतून तीं संरक्षक द्रव्यें पलीकडे जाऊंच शकत नाहींत. तीं सारीं चिकांत सांठविलेलीं असतात, आणि तीं शोषून घेण्याची शिंगराच्या आंतड्यांची शक्ति पहिल्या चोवीस तासांतच संपते; पहिले सहाबारा तास तर सोन्याचे. खरवसाची गोडी असलेल्या आपल्या घरांनीं एवढें जाणावें कीं, घोडीच्या चिकाचा थेंबनथेंब शिंगराचा आहे. विण्यापूर्वींच दूध गळून चीक वायां गेला असेल, किंवा शिंगरूं दोन तासांत पीत नसेल, तर पशुवैद्यास तसें स्पष्ट सांगावें. दुसऱ्या घोडीचा राखून ठेवलेला चीक पाजण्याची व्यवस्था वेळेवर करतां येते.

ही सारी माहिती पाहिली तर तींत अद्भुत असें कांहीं नाहीं. रोज कासेवर एक नजर, रोज पुठ्ठ्यांवर एक हात, भिंतीवर लिहिलेली एक तिथि, आणि योग्य वेळीं पाहिलेलें घड्याळ, एवढीच तिची सामग्री. परंतु नित्याच्या नजरेंतूनच ज्ञान उत्पन्न होतें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं गोठ्यांत दाखवून दिलें आहे. बाजारांत घोडीचे दांत, चाल आणि भोंवरे पारखणारे पुष्कळ असतात. आणि तें कौशल्य सौदा होईपर्यंत कामास येतें. त्यानंतर जी परीक्षा होते ती घोडीची नसून तिला घरीं आणणाऱ्यांची असते. मुक्या जनावराला 'वेळ झाली' असें शब्दांनीं सांगतां येत नाहीं; पण तें अंगानें, घामानें, कासेनें आणि डोळ्यांनीं सांगत असतें. ज्या घरांत तें ऐकणारें एक तरी माणूस जागें आहे, त्या घरीं आलेली गाभण घोडी सुखरूप हातीं पडली, असें खुशाल समजावें.